न संपणाऱ्या धुनेचा शेवट

प्रिय निखिल,

'सुपर मारिओ ब्रदर्स' या व्हिडिओ गेममधल्या धुनेचा तू केलेला रीमिक्स, तुझा ट्रॅक, मिळाला. आधी हेडफोन लावून ऐकला, मग साध्या स्पीकरवर, मग मूळ धून वाजवून पुन्हा एकदा. 'काहीतरी कमी आहे, पण काय ते कळत नाही' असं तू लिहिलंयस. मला वाटतं, ते मला थोडंफार सापडलंय. पण दोन ओळींच्या मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून सरळ पत्रच लिहायला घेतलं.

तू पाण्याखालची धून निवडलीस याचा फार आनंद झाला. 'सुपर मारिओ ब्रदर्स' म्हटलं की बहुतेक जण जमिनीवरच्या पहिल्या धुनेकडेच धावतात. तिचे इतके रीमिक्स झालेत की त्यात आता नवं काही ऐकू येणं कठीण. ही मात्र वॉल्ट्झ आहे, तीन ठोक्यांचा नाचाचा ठेका, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. १९८५ सालच्या त्या खेळात मारिओ जमिनीवर धावतो, उड्या मारतो, आणि पाण्यात शिरला की तरंगायला लागतो. त्याच्याबरोबर संगीतही तरंगू लागतं. खेळणाऱ्याच्या हाताखाली जी हालचाल चालू आहे तिच्याशी ठेका जुळला पाहिजे, यावर या धुनेचे संगीतकार कोजी कोंदो यांचा कायम भर राहिला आहे, आणि या धुनेत तो अगदी स्वच्छ ऐकू येतो. तो डोल तू सांभाळलास, कुठेही घाई केली नाहीस. तुझ्या ट्रॅकमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

आता कमी काय ते. वरचा सूर तू बासरीला दिलास, त्याच्या जोडीचा क्लॅरिनेटला, बेस, म्हणजे खालचा सूर, चेलोला आणि मागची खसखस ब्रशने वाजवलेल्या ड्रमला. चार आवाज होते, त्यांच्या जागी चार वाद्यं आली. वाद्यं सुरेख आहेत, त्यांचे सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे, नितळ आहेत, पण धुनेला काही झालंच नाही. पहिली ओळ संपेपर्यंत ऐकणारा खूश असतो. मग त्याच्या लक्षात येतं की पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे, आणि त्याचं लक्ष उडतं.

चाहत्याने केलेला रीमिक्स मला केव्हा आवडतो सांगू? मूळ संगीतकाराला यंत्राने जे पूर्ण म्हणू दिलं नाही ते शोधून, त्यातलं आपल्याला काय म्हणायचंय हे जेव्हा कुणी ठरवतं तेव्हा. त्यासाठी ते यंत्र नीट समजून घ्यावं लागतं. तू त्या पायरीवरून पटकन पुढे गेलास असं वाटतं.

हा खेळ ज्यावर चालायचा तो फॅमिकॉम, निन्टेन्डोचं घरगुती गेम-यंत्र, जपानमध्ये १९८३ साली आला. बाहेर तो एनईएस म्हणून ओळखला गेला. त्याच्या चिपमध्ये आवाजाचे पाच चॅनल: दोन पल्स (चौकोनी लहरीचे), एक ट्रँगल (त्रिकोणी लहरीचा), एक नॉइज (खसखशीचा) आणि एक अगदी छोटी सॅम्पल वाजवणारा, जो या धुनेत नाही. पल्सच्या आवाजाचा पोत बदलायला चार पर्याय, त्यातले दोन कानाला सारखेच लागतात. आणि ट्रँगल, ज्याच्यावर बहुतेक वेळा बेस असायचा, त्याला आवाज लहान-मोठा करायची सोयच नाही. तो वाजतो किंवा गप्प बसतो. मग बेसला जोर कसा द्यायचा? स्वराच्या लांबीने. आखूड स्वर, मध्ये रिकामी जागा, पुन्हा स्वर. त्या रिकाम्या जागेतच ठेका राहतो. तुझ्या चेलोने ती भरून टाकली आहे. लेगाटो, म्हणजे स्वराला स्वर जोडून वाजवणं, इतका गुळगुळीत झालाय की वॉल्ट्झचा 'एक' कुठे पडतो ते शोधावं लागतं. तोच बेस एकदा पिझिकाटोमध्ये, बोटाने छेडलेला, ऐकून बघ. चेलो ठेवायचाच असेल तर तो शेवटच्या भागासाठी राखून ठेव. उशिरा आला तर त्याचं येणं जाणवेल.

दुसरी गोष्ट कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांची, आणि माझ्या मते खरा खजिना इथे आहे. सुरात वाजणारे चॅनल तीनच. त्यातला एक चाल वाजवणार, एक बेस सांभाळणार. भरगच्च कॉर्ड मांडायला उरतं काय? म्हणून त्या काळच्या धुनांमध्ये कॉर्ड बहुतेक वेळा सुचवलेली असते, सांगितलेली नसते. काही संगीतकार एकाच चॅनलवर कॉर्डचे स्वर इतक्या भराभर एकामागून एक फिरवायचे की कानाला ते एकत्र वाजल्याचा भास व्हावा. काही जण दुसऱ्या पल्सवर तीच चाल थोडी उशिरा आणि हळू वाजवून प्रतिध्वनी तयार करायचे. पण जिथे यातलं काहीच नाही, तिथे तुला मोकळीक आहे. समज, बेसला सी हा स्वर आहे आणि वर चालीत ई. मध्ये जी घातलास तर सरळ सी मेजर, ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून असलेली. तिथे ए घातलास तर तोच बेस, तीच चाल, पण आता ती ए मायनर झाली, रंग एकदम उदास. मूळ चालीचा एकही स्वर न हलवता अर्थ बदलतो. तू जिथे जिथे मधला स्वर भरलास तिथे पहिला सुचलेला भरलास. प्रत्येक जागी तसं नको. मला वाटतं, पहिल्या फेरीत सरळ कॉर्ड ठेव आणि चाल परत येईल तेव्हा दोन-तीन जागी हा बदल कर. ओळखीच्या ओळीखालची जमीन सरकली की माणूस पुन्हा कान देऊन ऐकतो.

हे करायला मूळ चाल कानाने उतरवलेली असली पाहिजे. तू कुणीतरी केलेली मिडी फाइल (संगणकासाठी उतरवलेले स्वर) घेतलीस, हे बेसच्या एका मापात, म्हणजे एका बारमध्ये, कळलं. मूळ धुनेत तिथे तसं नाही. खेळाच्या संगीताच्या फाइली वाजवणारे प्लेअर एकेक चॅनल बंद करू देतात. नुसता ट्रँगल ऐक, मग नुसता दुसरा पल्स. चार आवाजांच्या गर्दीत लपलेली जोडचाल एकटी ऐकली की तिच्यातून नवा भाग सुचतो. मला तर हा सगळ्या कामातला सर्वांत आनंदाचा टप्पा वाटतो.

सॉफ्टवेअरमधला ठेक्याचा ग्रिड मूळ धुनेवर बसवला की थोड्या वेळाने सरकतो, असंही तू लिहिलंस. त्याचं कारण बहुधा त्या यंत्रातच आहे. जुन्या खेळांमधलं संगीत साधारणपणे पडद्याच्या फ्रेमच्या तालावर पुढे सरकायचं. जपान-अमेरिकेतल्या टीव्हीवर सेकंदाला जवळपास ६० फ्रेम, म्हणजे मिनिटाला ३,६००. एका सोळांश स्वराला ६ फ्रेम दिल्या तर चार सोळांशांचा एक बीट २४ फ्रेमचा आणि टेम्पो, म्हणजे मिनिटाला बीट, १५०. ७ दिल्या तर टेम्पो १२८.५७. पूर्ण फ्रेम मोजायच्या तर मधलं काही मिळत नाही. म्हणून संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पोचा गोल आकडा टाकला की काही मापं जुळल्यासारखी वाटतात आणि मग घसरतात. दशांशात टेम्पो टाकून बघ. युरोपातल्या टीव्हीवर फ्रेम ५० असायच्या, त्यामुळे संगीत जुळवून न घेतलेल्या खेळांत १५० ची धून १२५ ने वाजायची. तिथे वाढलेल्या मुलांच्या कानात तीच धून संथ बसली आहे! टेम्पो जरा कमी केला की धून 'बिघडते' ही तुझी भीती त्यामुळे सोडून दे.

मधल्या भागात तुला 'डाँकी काँग कंट्री'सारखं पाण्याचं वातावरण हवंय, हे वाचून मी लगेच ते पुन्हा ऐकलं. १९९४ सालचं डेव्हिड वाइज यांचं 'अॅक्वाटिक अँबियन्स'. तो खेळ ज्यावर चालायचा त्या सुपर निन्टेन्डो यंत्रात आवाजासाठी सगळी मिळून ६४ किलोबाइट मेमरी होती, त्यातच वाद्यांचे सॅम्पल, त्यातच संगीत, त्यातच प्रतिध्वनी. प्रतिध्वनीच्या दर १६ मिलिसेकंदांना २ किलोबाइट खर्च. सगळ्यात लांब, २४० मिलिसेकंदांचा घेतला की ३० किलोबाइट गेले, जवळजवळ निम्मी जागा. एवढ्या अडचणीत वाइज यांनी छोट्या छोट्या ध्वनिलहरी एकापुढे एक लावून तो सतत बदलणारा आवाज घडवला. कॉर्ग वेव्हस्टेशन या सिंथेसायझरच्या आवाजाची ओढ त्यामागे होती. तू मात्र त्या जागी एकच लांबलचक पॅड, म्हणजे सिंथेसायझरचा पसरट आवाज, दाबून ठेवलंस आणि वर भरपूर रिव्हर्ब (घुमारा) ओतलास. आवाज मोठा झाला, पण हलत नाही. पॅड तीन-चार रंगांत तोड, एकातून दुसऱ्यात हळूहळू जाऊ दे, आणि रिव्हर्बचा खालचा भाग कापून टाक म्हणजे बेस मोकळा श्वास घेईल. मिक्सबद्दल एवढंच पुरे, बाकी तुझा कान माझ्यापेक्षा चांगला आहे.

मूळ धुनेला इतका हात लावायचा का, असा संकोच तुझ्या पत्रात जाणवला. निखिल, एकच बंदिश दोन गायक गातात, शब्द तेच, मुखडा तोच, तरी एकाची दुसऱ्यासारखी नसते, आणि म्हणूनच आपण दोघांनाही ऐकतो. खेळांच्या संगीतात हे मूळ संगीतकारांनीच करून ठेवलंय. कोइची सुगियामा यांनी 'ड्रॅगन क्वेस्ट'चं संगीत १९८७ सालीच मैफलीत वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. नोबुओ उएमात्सु यांनी 'फायनल फँटसी'च्या लढाईच्या धुना ब्लॅक मेजेस नावाचा रॉक बँड काढून नव्याने बांधल्या, त्याचा पहिला अल्बम २००३ चा. आणि २०२२ च्या ग्रॅमीत वाद्यसंगीताच्या उत्कृष्ट अरेंजमेंटचा पुरस्कार एट-बिट बिग बँडला मिळाला तो कशासाठी? 'कर्बी सुपर स्टार' या १९९६ सालच्या खेळातल्या मेटा नाइटच्या धुनेसाठी. खेळाच्या बाहेरच्या माणसांनी, प्रेमापोटी, जॅझच्या मोठ्या ताफ्यासाठी केलेली ती मांडणी. ती ऐक, आणि लगेच मूळ ऐक. चाल कुठेही हरवत नाही, आणि तरीही पुढच्या क्षणी काय येणार हे सांगता येत नाही.

आता शेवट. माझ्या दृष्टीने तुझ्या ट्रॅकची मोठी उणीव ही: तो थांबत नाही, विरत जातो. खेळातली धून लूपसाठीच, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरण्यासाठीच, लिहिलेली असते. खेळणारा तिथे किती वेळ घालवेल हे संगीतकाराला माहीत नसतं, म्हणून शेवटचं माप पुन्हा पहिल्या मापाकडेच ओढ घेतं. ती ओढ तशीच ठेवून आवाज कमी करत नेला की ऐकणाऱ्याला कुठेच पोचल्यासारखं वाटत नाही. शेवट तुलाच लिहायला हवा, आणि तो लिहिणं हा रीमिक्स करणाऱ्याचा हक्क आहे असं मी समजतो.

त्यासाठी खेळातच एक सूत्र आहे. वेळेचा आकडा १०० वर आला की इशाऱ्याचे सूर वाजतात आणि तीच धून वेगाने सुरू होते, आठवतंय ना? वॉल्ट्झ आणि वाढता वेग, याहून चांगली जोडी कोणती! शेवटच्या फेरीआधी तो इशारा तुझ्या क्लॅरिनेटला दे, अगदी तसाच नको, ओळखू येईल इतपत. मग वॉल्ट्झ वेगाने सुरू कर, पण एकदम नको. दर चार मापांनी थोडा थोडा वेग वाढव. तीनचे ठोके इतके जवळ येऊ दे की ते एकाच ठोक्यासारखे मोजावे लागतील. तिथे चार मापं मिळून ठेका आपोआप चारच्या अंगाने जाऊ लागतो, आणि मघाशी राखून ठेवलेला चेलो त्याच क्षणी गजाने वाजत आत येऊ शकतो. मग लूपकडे ओढणारं ते शेवटचं माप येईल. ते एकदा वाजव, पुन्हा वाजव, तिसऱ्यांदा वाजव, आणि पहिल्या मापाकडे परत न जाता घराच्या, म्हणजे धुनेच्या मूळ सुराच्या कॉर्डवर ठामपणे उतर. सगळी वाद्यं एकत्र. त्यावर रिव्हर्बची शेपूट नको.

एक व्यवहाराची गोष्ट. मूळ खेळातल्या ध्वनीचे तुकडे तू सुरुवातीला घातलेत, बुडबुड्यांचे. चालीचे हक्क वेगळे असतात आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे. चाल स्वतः वाजवली तरी तिचे हक्क मूळ मालकाकडेच राहतात, आणि मूळ आवाज उचलून लावला की दुसराही प्रश्न उभा राहतो. बुडबुडे तू स्वतः रेकॉर्ड कर, तसेही जास्त जिवंत लागतील. विकायचा विचार असेल तर आधी परवान्याचं बघ, नसेल तर कोंदो यांचं आणि खेळाचं नाव ठळक लिही.

पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा बेस आणि मधल्या सुरांचे ट्रॅक वेगळे काढून पाठव. ए मायनरच्या जागा कुठे बसतात ते मीही माझ्या कीबोर्डवर शोधून ठेवतो. आणि जमलं तर तो वेग वाढत जाणारा भाग सगळ्यांत आधी कर, मला त्याचीच उत्सुकता लागली आहे.

तुझा,
अभय