पेट्रिकोर आणि मृद्गंध

संपादक महोदय,

परवा वळीव पडला, गॅलरीत उभं राहून तो वास छाती भरून घेतला आणि लेकीला विचारलं ह्याला इंग्रजीत काय म्हणतात सांग, तिला काही सांगता येईना. पेट्रिकोर! १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस ह्या शास्त्रज्ञांनी हा शब्द घडवला, ग्रीकमधलं पेट्रा म्हणजे दगड आणि इकोर म्हणजे देवांच्या अंगात रक्ताच्या जागी वाहतं ते. दगडातलं देवांचं रक्त, काय कल्पना आहे! आपला मृद्गंध मला जास्त गोड वाटतो, तरी हाही सोडवत नाही. असे शब्द मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला अर्थासकट लिहून ठेवते. तुमच्या रविवारच्या पुरवणीत असा एकेक शब्द जन्मकथेसकट छापाल का? कोपऱ्यातल्या चार ओळी पुरेत.

– एक वाचक, सांगली