टोलचा नाका उभा करण्याआधी टोलचा कायदा करा

माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री,
गोवा राज्य, यांस

स.न.वि.वि.

राज्याच्या तिजोरीत मोठ्या पुलाचा किंवा रस्त्याचा पैसा नसेल तर खासगी भांडवल घ्यावे आणि ते टोलमधून फेडावे, या मार्गाला माझा सरसकट विरोध नाही. मांडवीवरचा पूल 1986 मध्ये कोसळला तेव्हा पणजीला येणाऱ्यांचे काय हाल झाले, ते आमच्या आधीच्या पिढीने भोगले आहेत. पूल हवेत, आणि त्यांना पैसा लागतो. पण राज्याच्या कोणत्याही रस्त्यावर टोलची पहिली पावती फाडली जाण्यापूर्वी गोवा विधानसभेने त्यासाठी स्वतंत्र, सविस्तर कायदा करावा, एवढी मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे. सरकारी आदेश काढून किंवा एखाद्या महामंडळाने परस्पर करार करून हे काम होऊ नये.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत टोल हा राज्यसूचीतला विषय आहे, नोंद क्रमांक 59. म्हणजे राष्ट्रीय महामार्ग सोडले तर बाकी रस्त्यांची जबाबदारी पूर्णपणे आपली. राष्ट्रीय महामार्गांवर 2008 चे शुल्क नियम लागू आहेत. त्यात दुचाकीला साधारणपणे टोल नाही, नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना सवलतीचा मासिक पास आहे, दोन नाक्यांमध्ये साठ किलोमीटर अंतराची अपेक्षा आहे. राज्याच्या रस्त्यावर यातले काहीही आपोआप लागू होत नाही. फास्टॅगचा वार्षिक पाससुद्धा तिथे चालत नाही. राज्याने कायद्यात लिहिले तरच लोकांना संरक्षण मिळते. नाहीतर करारात जे असेल ते, आणि करार लोकांनी पाहिलेलाच नसतो.

लोकांचे लक्ष टोलच्या दराकडे असते. खरे दुखणे मात्र करारातल्या आकडेमोडीत असते. दिल्ली आणि नोएडाला जोडणाऱ्या डीएनडी उड्डाणमार्गाचे उदाहरण सरकारने जरूर अभ्यासावे. लांबी सव्वानऊ किलोमीटर, 2001 मध्ये खुला झाला. करारात कंपनीला प्रकल्पखर्चावर दरवर्षी वीस टक्के परतावा ठरवून दिला होता, आणि तेवढा परतावा न मिळाल्यास उरलेली तूट मूळ प्रकल्पखर्चात जोडायची होती. परिणाम असा, की गाड्या टोल भरत राहिल्या आणि कागदावरचा न फिटलेला खर्च वर्षागणिक वाढत गेला. त्या सूत्राने टोल कधी संपलाच नसता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2016 मध्ये ती वसुली थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निकाल कायम ठेवला. निविदा न मागवता काम दिले गेले, टोल आकारण्याचा अधिकार कंपनीकडे सोपवला गेला, यावर न्यायालयाने कठोर शब्दांत बोट ठेवले. तोपर्यंत लोकांनी पंधरा वर्षे पैसे मोजले होते.

दुसरे उदाहरण साध्या, सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या नमुना करारातले. नियोजन आयोगाच्या काळात तयार झालेल्या त्या मसुद्यात वाहतूक अंदाजापेक्षा एक टक्का कमी भरली तर टोलची मुदत दीड टक्क्याने वाढते. वाहतूक एक टक्का जास्त भरली तर मुदत पाऊण टक्क्यानेच कमी होते. वाढीची मर्यादा वीस टक्के, कपातीची दहा. गुंतवणूकदाराला धीर देण्यासाठी हे केले असेल, ते मी समजू शकतो. पण गोव्यात पर्यटकांच्या गाड्यांनी डिसेंबरात रस्ते तुंबतात, तेव्हा जास्तीच्या वाहतुकीचा फायदा लोकांनाही तेवढाच मिळायला हवा. वाहतुकीचा अंदाज कोणी बांधला, कशावरून बांधला, हेही करार होण्याआधी जाहीर झाले पाहिजे, कारण अंदाजाच्या आकड्यावरच मुदत हलते.

करार घाईत झाला की तो मोडायचीही किंमत पडते. कोल्हापूरकरांनी शहरातल्या रस्त्यांच्या टोलविरुद्ध काही वर्षे लढा दिला आणि 2015 च्या अखेरीस टोल गेला, पण भरपाई सरकारी तिजोरीतून द्यावी लागली. त्याच वर्षी महाराष्ट्राने 12 नाके बंद केले आणि आणखी 53 नाक्यांवर मोटारी व एसटीला सूट दिली. लोकांना दिलासा मिळाला, पण ठेकेदाराचे देणे संपले नाही. ते त्याच लोकांच्या करातून गेले.

म्हणून कायद्यात मला काय हवे, ते सांगतो. टोल कोणत्या तारखेला किंवा किती वसुलीनंतर कायमचा बंद होणार, हे करारात ठळकपणे लिहिलेले असावे आणि विधानसभेच्या मंजुरीशिवाय मुदत एक दिवसही वाढू नये. मूळ करार सही होण्याआधी सभागृहाच्या पटलावर यावा. रोजची वसुली आणि वाहनसंख्या नाक्यावरच्या फलकावर व संकेतस्थळावर दिसावी. महालेखापरीक्षकांना कंपनीच्या त्या प्रकल्पापुरत्या हिशेबांची तपासणी करता यावी. खासगी कंपनी म्हणून माहिती नाकारण्याची पळवाट ठेवू नये. आणि रस्ता खड्ड्यांत गेला असेल तर दुरुस्ती होईपर्यंत वसुली बंद. पावसाळ्यात गोव्याच्या रस्त्यांची जी अवस्था होते ती पाहता ही अट मी सर्वांत वर ठेवेन.

गोव्याचा आकारही लक्षात घ्या. उत्तर-दक्षिण सुमारे शंभर किलोमीटरच्या राज्यात नाका कुठेही ठेवला तरी तो कोणाच्या तरी रोजच्या कामाच्या वाटेवर येतो. पेडण्याहून वेर्ण्याच्या कारखान्यात जाणारा, वाळपईहून बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, आईला तपासायला नेणारा, हे वीस किलोमीटरच्या पासात बसत नाहीत. इथे सवलत अंतरावर न बांधता रोजच्या वापरावर बांधायला हवी. रुग्णाला इस्पितळात नेणाऱ्या खासगी गाडीलाही सूट असावी, रुग्णवाहिका सगळ्यांनाच कुठे मिळते? 2023 मध्ये फेरीबोटीत दुचाकींना शुल्क लावण्याचा निर्णय लोकांच्या विरोधामुळे सरकारने मागे घेतला होता. दुचाकीवर पोट असलेल्या लोकांचा आवाज सरकारला तेव्हा ऐकू आला, तो नव्या कायद्यातही उमटावा.

शेजाऱ्यांचाही विचार व्हावा. बाहेरच्या गाड्यांवर 2013 मध्ये प्रवेशकर लावला तेव्हा सिंधुदुर्गात संताप उसळला, धारगळच्या नाक्यावर तोडफोडही झाली. तोडफोडीचे समर्थन कोणीच करणार नाही. पण बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची मुले इथे नोकरीला येतात, आमच्या सोयरिकी तिथे आहेत. त्यांची रोजची ये-जा आणि सहलीला येणारी गाडी यांत कायद्याने फरक करावा.

विधेयकाचा मसुदा मराठी आणि कोकणीतून प्रसिद्ध करा, प्रत्येक तालुक्यात सुनावणी घ्या, लोकांना हरकतींसाठी किमान साठ दिवस द्या आणि मगच तो विधानसभेत आणा. ही तयारी आपले खाते केव्हा सुरू करणार, याचे उत्तर येत्या अधिवेशनात सभागृहात द्यावे, अशी विनंती.

आपला,
पेडणे तालुक्यातील एक मतदार