मावशी, यंदाही चिकाचा हलवा केला

दिमोना, इस्राएल,
10 ऑक्टोबर 2019

प्रिय मावशी,

शालोम. काकांना नमस्कार सांग.

फोनवर आपण दोघी दोन वाक्यांत रडायला लागतो आणि सांगायचं सगळं राहून जातं, म्हणून आज कागद घेऊन बसले. काल रात्री दारफाळणीचा रोजा, आपल्या ज्यू लोकांचा योम किप्पूरचा उपास, सुटला. आज त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. घरातले सगळे अजून झोपलेत.

आई गेल्यावर तू म्हणाली होतीस, "यंदा हलवा लावू नका, घरात दुःख आहे, नुसती प्रार्थना करा." मला ते पटलं होतं. नारळाकडे बघायचीसुद्धा इच्छा नव्हती. पण सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या आपल्या हजानांनी दादाला समजावलं. सात दिवस सुतकात जमिनीवर बसलेल्यालाही सण उठवतो, तुमचा तर महिना उलटून गेलाय. गेलेल्यासाठीची प्रार्थना, कद्दीश, अकरा महिने म्हणायचाच आहे, पण नव्या वर्षाच्या टेबलावर गोड नाही असं करू नका, आईलाही ते आवडणार नाही. दादा घरी आला आणि चप्पल काढता काढताच म्हणाला, "गहू भिजत घाल."

मंगळवारी अर्धा किलो गहू भिजत घातले. रोज सकाळी पाणी बदलायचं, हे काम धाकटीने स्वतःहून घेतलं. शुक्रवारी वाटले. आईसारखे पाट्यावर नाही, मिक्सरवर. धुतलेल्या पंच्यातून दोनदा पिळून चीक काढला आणि शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या आत पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं. शनिवारी रात्री चांदण्या दिसल्यावर झाकण काढलं, तर वर पिवळट पाणी आणि तळाला पांढराशुभ्र चीक, इतका घट्ट बसलेला की सुरीने खरवडावा लागला. तीन नारळांचं दूध, पाऊण किलो साखर, चिमूटभर मीठ आणि तो गुलाबी रंग. आईच्या वहीत प्रमाण एवढंच लिहिलंय. किती वेळ ढवळायचं ते लिहिलेलंच नाही, कारण ते तिच्या हाताला माहीत होतं.

ढवळायला दादा उभा राहिला. तुला माहीत आहे, आई असताना तो स्वयंपाकघरात पाणी प्यायलाच यायचा. सुरुवातीला कढईत काहीच घडत नाही, नुसतं दूध फिरवतोय असं वाटतं. मग एकदम तळ जड होतो, मनगट भरून येतं, आणि नेमका तेव्हाच हात थांबला तर खाली लागतं. दादाने उलथनं सोडलं नाही. मी मागे घ्यायला गेले तर मानेनेच नको म्हणाला. आणि मग तो बोलायला लागला. आई गेल्यावर सात दिवस लोक येत होते, जात होते, तेव्हा हा माणूस हूं की चूं बोलला नव्हता. आता कढईत बघत सांगू लागला. अलिबागचं घर, आजीची चूल, इस्राएल आळीत सणाच्या आदल्या रात्री घराघरातून येणारा नारळाच्या दुधाचा वास. तू आणि आई आळीपाळीने ढवळायच्या आणि जी थकेल तिने बाकड्यावर बसून गाणं म्हणायचं, असा नियम होता म्हणे. मी इथे जन्मले, मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. खरंच असं होतं का ग? कोण आधी थकायचं?

हलवा कढईच्या कडा सोडू लागला, वर चकाकी आली, तेव्हा दादाने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. घाम होता की डोळे, मी विचारलं नाही. थाळीत ओतला, वर बदाम-पिस्त्याचे काप दाबले. सकाळी वड्या कापल्या. आईइतक्या नितळ नाहीत, पण तोंडात टाकल्यावर सगळे गप्प झाले.

शेजारच्या मोरोक्कन आजी थाळी बघायला मुद्दाम आल्या. आपल्या चुलीला विस्तव नव्हता त्या सात दिवसांत घर त्यांनीच जेवू घातलं. दफन करून आलो तेव्हा उकडलेली अंडी आणि मसुरीचं भांडं घेऊन त्या दारातच उभ्या होत्या. मग रोज दोन वेळा डबा. मी नको म्हटलं की रागवायच्या. त्यांनी विचारलं, लोणी का नाही घालत? मी म्हटलं, मटणाच्या जेवणावर हेच गोड खायचं असतं, मग दूध-लोणी कसं चालेल? नारळाच्या दुधाला ती अडचणच नाही. त्यांना हे फार आवडलं. चार वड्या नेल्या, आणि संध्याकाळी डाळिंब आणि खजूर पाठवले.

यंदा आपला नव्या वर्षाचा सण लागला तो 29 सप्टेंबरच्या संध्याकाळी, आणि तुमच्याकडे त्याच दिवशी घट बसले. आई दर वर्षी कॅलेंडर काढून हे बघायची. "तिकडे घट बसले की इकडे आपलं नवं वर्ष," असं म्हणत मग तुला फोन लावायची. या वेळी फोन मी लावला आणि बोलता आलं नाही. परवा दसरा, आणि त्याच संध्याकाळी आमचा रोजा लागला. शेजारच्या वहिनींनी सोनं दिलं असेल ना तुला? आईच्या वाटणीचं पान ठेवलं असशील तर टाकू नकोस.

आता मालमाचं, गेलेल्या माणसांना पान वाढायच्या दिवसाचं, सांगते. परवा दुपारी, रोजा लागायच्या आधी, मी आईचं पान वाढलं. भात, कलेजी, हलव्याची एक वडी आणि बिरडं. वाल तू मे महिन्यात पाठवलेलेच, डब्यात मूठभर उरले होते. बिरड्याच्या रोजाला, यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या ऑगस्टमधल्या उपासाला, तिनेच ते भिजवले होते. अंगात ताकद नव्हती, तरी खाटेवर बसून एकेक वाल अंगठ्याने दाबून सोलत होती. डॉक्टरांनी उपास करू दिला नाही, पण रविवारी रात्री रोजा सुटल्यावर आमच्याबरोबर दोन घास बिरडं-भात जेवली आणि म्हणाली, "अलिबागचे वाल ते अलिबागचे." त्याच आठवड्यात ती गेली. उरलेले वाल मला दुसऱ्या कशाला वापरवलेच नाहीत.

धाकटी शाळेत शिकून आलेली. ती म्हणाली, "मालमा आमच्या पुस्तकात नाही, आई. मेलेली माणसं जेवायला येत नाहीत." मी तिच्याशी वाद घातला नाही. तिला सांगितलं की तुझी आजी तिच्या आईसाठी हे करायची, आणि तिची आई तिच्या आईसाठी. आमच्या कोकणातल्या म्हाताऱ्यांनी पुस्तकं हाताशी नसतानाही शब्बाथ आणि रोजे पिढ्यान्पिढ्या सांभाळले, ते याच श्रद्धेने. देव एक आहे यात त्यांनी कधी कसर केली नाही. आपली माणसं मालमाच्या दिवशी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात असं त्यांनी मानलं, तर मीही मानते. ती थोडा वेळ बघत उभी राहिली, मग आईच्या पानात लिंबाची फोड ठेवून गेली. आईला लिंबाशिवाय बिरडं चालायचं नाही, हे त्या पोरीच्या लक्षात होतं.

संध्याकाळी आईचीच पांढरी साडी नेसून सिनेगॉगमध्ये गेले. बायकांच्या बाजूला तिची जागा खिडकीजवळची. तिथे कोणी बसलं नव्हतं, मलाच बसवलं. हश्काबात गेलेल्यांची नावं घेताना हजानांनी आईचं नाव घेतलं, आणि चाल तीच, अलिबागच्या आपल्या मागेन आबोथ सिनेगॉगमधली, जी ती भांडी घासतानासुद्धा गुणगुणायची. मावशी, इतके आठवडे मला वाटायचं की ती कुठेच नाही. खोलीत नाही, फोनवर नाही, अंथरुणात नाही. त्या क्षणी तिचं नाव इतक्या नावांच्या रांगेत ऐकलं, आजीच्या, आजोबांच्या शेजारी, आणि ती हरवलेली नाही, आपल्या माणसांत जाऊन बसली आहे असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पूर्ण रोजा केला. शेवटचं शोफारचं शिंग वाजेपर्यंत पोटाची आठवणसुद्धा झाली नाही. घरी येऊन किसमिसाचं सरबत घेतलं आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

मी बरी आहे असं म्हणणार नाही. सकाळी अजून दोन कप चहा टाकते. पण तू काळजी करतेस ती कमी कर. दादा रोज कद्दीशला जातो, वाटेत माझ्याकडे थांबतो. डब्यातला हलवा संपलाय आणि तो विचारतोय, परत कधी करायचा.

आता कामाचं. दादाचा नातू सातव्या महिन्यात झाला तेव्हा आईने एलियाहू हनाबीला, एलिया प्रेषिताला, गोड पोह्यांच्या मलिद्याचा नवस बोलला होता, अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या 'तापा' नावाच्या पवित्र खडकावर. पोरगं आता रांगतंय, चांगलं गुटगुटीत आहे, आणि नवस तसाच राहिलाय. इथे घरी मलिदा करता येईल, पण तिने खंडाळ्याचा बोलला तर खंडाळ्यालाच फेडायचा, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. झाडांचं नवं वर्ष, 'तू बि'श्वात', 10 फेब्रुवारीला आहे, सोमवार पडतो. मी आणि दादा दोघं येतोय. काकांना सांगून गाडीचं आधीच बघून ठेव, त्या दिवशी गर्दी असते. जाडे पोहे, नारळ आणि गुलाब तिकडेच घेऊ, वेलची आणि बदाम-पिस्ते मी आणते. फळांचं तू बघ. आणि तुझ्या गुडघ्याला तो रस्ता झेपेल का ते खरं खरं कळव, नाहीतर दादा खुर्ची धरायला तयार आहे.

तिकीट काढलं की फोन करते. या वेळी नाही रडणार.

तुझी,
भाची