वटवाघळे हुसकावून निपाह टळणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केरळात निपाहचा, म्हणजे वटवाघळांतून माणसांत येणाऱ्या जीवघेण्या विषाणूचा, रुग्ण सापडल्याची बातमी आली की आमच्या दापोली तालुक्यातल्या लोकांची नजर वटवाघळांच्या झाडांकडे वळते. आमच्या ग्रामसभेतही देवळामागच्या वडाखाली फटाके लावा, नाहीतर वडच तोडा, असा आग्रह काहींनी धरला. भीती खोटी नाही. २०१८ साली कोझिकोड परिसरातल्या साथीत १७ जण दगावले. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने २०२० मध्ये घेतले गेले, त्यांतही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला निपाहच्या खुणा आढळल्या. मात्र त्यातून महाराष्ट्रात साथ आली नाही, हेही सांगायला हवे.

वटवाघळे हुसकावल्याने धोका वाढतो, अशी माझी ठाम धारणा आहे. निपाहचाच भाऊबंद असलेला हेंड्रा विषाणू १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ घोड्यांत आणि त्यांच्यामार्फत माणसांत आला. तिथल्या संशोधकांनी पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. पूर्वी हिवाळ्यात वटवाघळे फुललेल्या निलगिरीच्या रानांकडे जात. ती राने तोडली गेली, त्यात दुष्काळी वर्षांनंतर उरलेल्या झाडांचा मधही आटला. मग भुकेले थवे फुटून वस्तीत आणि घोड्यांच्या कुरणांजवळ मुक्कामाला आले, आणि लागण त्याच काळात वाढली. ज्या हिवाळ्यात उरलेली राने भरभरून फुलली, त्या हिवाळ्यात थवे तिकडे गेले आणि घोड्यांतली लागण थांबली.

आमच्या वडाखाली सकाळी गेलात तर रस शोषून थुंकलेले चोथे आणि उंबराच्या, जांभळाच्या बिया पडलेल्या दिसतात. काजूची बोंडे पिकली की फांद्या वटवाघळांनी काळ्या होतात. फळे सरली की थवा पांगतो. फळ जिकडे, थवा तिकडे. उन्हाळ्याच्या तोंडाला माद्यांच्या पोटाशी पिल्ले बिलगलेली असतात. तेव्हा फटाका वाजला तर पिल्ले खाली पडतील आणि गावातली पोरे ती उघड्या हातांनी उचलतील. नको तो संपर्क आपणच घडवून आणू.

खरी काळजी वेगळ्या ठिकाणी घ्यायला हवी. बांगलादेशात निपाह बहुतेक थंडीत येतो, कारण तेव्हा खजुरीचा कच्चा रस पितात आणि रात्री मडक्याला वटवाघळे तोंड लावतात. मडक्याच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचे आच्छादन बांधले की त्यांना रसापर्यंत पोचता येत नाही, हे तिथे रात्रीच्या कॅमेऱ्यांतून दिसले आहे. आपल्याकडे शिंदीची नीरा, ताडी, माडी उतरवणाऱ्यांना हे शिकवायला किती खर्च येणार? उष्टी फळे माणसांनी खाऊ नयेत आणि गुरांनाही घालू नयेत. वडाजवळच्या विहिरीवर जाळी बसवावी. मेलेल्या वा जखमी वटवाघळाला हात न लावता वनखात्याला कळवावे.

काजूचा हंगाम सुरू होण्याआधी आरोग्य विभाग आणि वनविभाग यांनी मिळून गावोगावच्या ग्रामसभांत येऊन हे सांगावे. तोवर एकाही ग्रामपंचायतीने वटवाघळांच्या झाडाला कुऱ्हाड लावू नये, असे लेखी पत्र तहसीलदारांनी काढावे, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
एक बागायतदार वाचक, ता. दापोली