मलिदा या वेळी मी केला

प्रिय आई, बाबा,

शालोम. परवा कॉलवर आवाज सारखा तुटत होता, त्यात इथे इस्रायलमध्ये सात म्हणजे तुमच्याकडे साडेदहा, बाबांचे डोळे मिटायला लागले होते, म्हणून निम्मं सांगायचं राहूनच गेलं. ताईला हे सावकाश वाचून दाखवायला सांगा, आईने डोळ्यांना ताण देऊ नये.

रविवारी १ फेब्रुवारीला सूर्य मावळला आणि हिब्रू पंचांगातल्या शेवाट महिन्याची पंधरावी तिथी लागली. आपण बेने इस्रायल, कोकणातले ज्यू, लहानपणापासून याला एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, उरूसच म्हणत आलो, इथे सगळे तू बिश्वात म्हणतात, झाडांचं नवं वर्ष. तुमची नात शाळेतून शिकून आली की हिब्रूत तेत हे अक्षर म्हणजे नऊ आणि वाव हे अक्षर म्हणजे सहा, दोन्ही मिळून पंधरा, म्हणून ‘तू’. आठवडाभर घरात येईल त्या प्रत्येकाला ती हे सांगत होती.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या मोरोक्कन बाईंनी आम्हाला सेदेरला, म्हणजे सणाच्या विधीच्या जेवणाला, बोलावलं. बाबा, तुम्हाला हे नक्की आवडलं असतं. सोळाव्या शतकात इथल्या त्सफात गावच्या कब्बाली लोकांनी, म्हणजे ज्यू गूढवाद्यांनी, ही रीत घालून दिली म्हणतात. पेसाख म्हणजे वल्हांडण सणासारखेच चार प्याले, पण पहिला पांढऱ्या वाईनचा, मग दर वेळी थोडी थोडी लाल मिसळत जायची आणि चौथा पूर्ण लाल, म्हणजे हिवाळा सरत जातो तसं. फळंही तीन तऱ्हेची, आधी कवचाची, बदाम अक्रोड डाळिंब, मग आत बी असलेली, ऑलिव्ह खजूर जर्दाळू, आणि शेवटी सगळंच्या सगळं खाता येतं ती, अंजीर द्राक्षं. मुलांना द्राक्षाचा ज्यूस दिला होता, मला मात्र तो पिताना आईचं काळ्या मनुक्यांचं शरबत आठवत राहिलं, तू शुक्रवारी सकाळीच मनुका भिजत घालायचीस ते.

पण माझा खरा सण सोमवारी दुपारी झाला. अर्धी सुट्टी टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा मलिदा, आपला उरुसाचा गोड पोह्यांचा प्रसाद, स्वतः केला, कारण आपल्या ओळखीच्या चारही घरांतल्या मावश्या आता थकल्यात. इथल्या रामला शहराच्या बाजारात पोहे मिळतात, नारळही मिळतो, पहिला फोडला तो खवट निघाला, दुसरा चांगला होता. आई, तू माझ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून दिलेली ती खवणी सहा वर्षांनी पहिल्यांदा बाहेर काढली. पोहे धुऊन चाळणीत निथळत ठेवले पण जरा जास्तच भिजले, बोटांत दाबले की लगदा व्हायला लागला, मग पसरून पंख्याखाली ठेवले, साखर, खोबरं, वेलची, बदाम, बेदाणे घालून हाताने हलकेच कालवले. त्या वासाने मी दोन मिनिटं तशीच ओट्याशी उभी राहिले.

प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुष जमले, ताटात मधे मलिदा, भोवती फळं, ‘एलियाहू हन्नाबी’ हे गीत म्हटलं, सगळ्यांचे सूर आपल्या अलिबागच्या मशिदीतलेच, म्हणजे सिनेगॉगमधलेच. ब्राखा, म्हणजे खाण्याआधीचा आशीर्वाद, म्हणायची वेळ आली आणि माझ्या पोरीने केळ्याकडे हात नेला, मी तो धरला. आधी खजूर, कारण तो तोरातल्या सात पिकांतला, केळं नंतर, त्याची ब्राखा जमिनीची, झाडाची नाही. बाबा, तुम्ही अलिबागजवळच्या आपल्या खंडाळ्याला असाच माझा हात धरायचात आणि मला राग यायचा, कारण तेवढ्या ताटात मला फक्त केळंच हवं असायचं. तिला मी तिथल्या ‘तापा’बद्दल सांगितलं, खडकावरच्या घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकांच्या खुणा, एलियाहू हन्नाबी तिथूनच वर स्वर्गात गेले असं आपली माणसं मानतात ते. ती म्हणाली मला तिथे हात लावून बघायचंय.

इथे आता जेरुसलेमच्या वाटेवर बदाम फुललाय, पान एक नाही, नुसती पांढरी-गुलाबी फुलं. आपल्या अंगणात लावलेल्या डाळिंबाला मागच्या उन्हाळ्यात दोन फळं धरली होती, पण पहिल्या तीन वर्षांचं फळ खायचं नाही म्हणून तशीच गळू दिली. पोरगी रोज जाऊन बघायची, तिला समजावताना माझ्याच जिवावर आलं होतं.

आई, एक सांग, साखर घातल्यावर पाणी सुटतं ते तू कशी थांबवायचीस? तुझ्या मलिद्याचा दाणा न दाणा सुटा असायचा. आणि बाबा, गुडघ्यामुळे या वर्षी तुम्ही खंडाळ्याच्या ‘तापा’वर गेला नाहीत हे ताईने सांगितलं. तुम्ही मला बोलला नाहीत, म्हणून मीही कॉलवर विषय काढला नाही. पुढच्या वर्षी सण शनिवारी, २३ जानेवारीला येतोय, शाब्बाथ, आपला विश्रांतीचा दिवस, असल्यामुळे त्या दिवशी गाडीने जाता येणार नाही, घरीच मलिदा करू, मी करते. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत खंडाळ्याला जाऊ. खडकाच्या जितकं जवळ जाता येईल तितकी गाडी नेऊ, पुढे एका बाजूने मी धरते, दुसऱ्या बाजूने तुमची नात. तिकिटं मी याच महिन्यात काढतेय, नाही म्हणू नका.

तुमची,
धाकटी