शर्यतीच्या प्रवासाबाबत सूचना
सर्व सभासदांना कळविण्यात येते की, रविवारच्या माउंटन बाइक शर्यतीसाठी आपण शनिवारी पहाटे रत्नागिरीहून निघून साखरप्यावरून आंबा घाटमार्गे कोल्हापूरला जाणार आहोत. घाटात अनेकदा दाट धुके असते, तेव्हा कोणीही गाडी पुढे दामटू नये. टेम्पोत सायकल चढवताना चाक काढल्यास हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या (तेलाच्या दाबाने चाकावरची चकती, म्हणजे डिस्क, दोन पॅडमध्ये आवळणाऱ्या ब्रेकच्या) पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी अवश्य घालावी, कारण चाक नसताना लिव्हर चुकून दाबला गेला तर पॅड एकमेकांजवळ सरकतात आणि ऐन शर्यतीच्या सकाळी डिस्क आत बसत नाही. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने साखळी लवकर गंजते, म्हणून ती पुसून तेल द्यावे. मात्र डिस्कवर थेंबही पडू देऊ नये. प्रथमच येणाऱ्यांना अनुभवी सभासदांनी आपल्या गाडीत घ्यावे, ही आग्रहाची विनंती.