गाळ्यातील एक्स्टेंशनविषयी

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले भोसरीच्या गाळ्याचे फोटो पाहिले. यंत्रे चांगली घेतली आहेस, पण एकाच पांढऱ्या, बारीक एक्स्टेंशन बोर्डवर सर्क्युलर सॉ आणि रंधा अशी दोन्ही यंत्रे लावलेली दिसली, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

टीव्हीसाठी मिळणाऱ्या अशा बोर्डाच्या वायरीत बहुधा ०.७५ चौरस मिलिमीटरचेच तांबे असते. तुझी १४०० वॅटची सॉ २३० व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर घेते. २० मीटर वायरीचा जाऊन-येऊन रोध साधारण एक ओहम धरला, तर तेवढ्याने वायरीत ३६ वॅट उष्णता तयार होते. रंधाही चालू होऊन प्रवाह दुप्पट झाला की ती दुप्पट नव्हे, चौपट होते. त्यातच उरलेल्या वायरीचे वेटोळे भुशात पडलेले असेल, तर उष्णतेला बाहेर पडायला वावच राहत नाही आणि वरचे प्लास्टिक मऊ होऊ लागते. एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप बंद पडणारे बटण, पडेल या भरवशावर राहू नकोस: १६ अँपिअरचा एमसीबी १२ अँपिअरला पडणारच नाही, कारण तो भिंतीतल्या वायरिंगसाठी बसवलेला असतो, तुझ्या बोर्डासाठी नव्हे.

माणसाला शॉकपासून वाचवणे हेही एमसीबीचे काम नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लागतो. पत्र्याच्या छपराखाली, पावसाळ्यात जमीन ओली असताना काम करायचे, तर तो वायरमनकडून आधी बसवून घे आणि त्यावरचे टेस्टचे बटण अधूनमधून दाबून पाहत जा. टॉप (प्लग) सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून कारागीर त्याची अर्थिंगची पिन कापतात. तसे कोणी केलेले दिसले तर तो टॉप सरळ फेकून दे.

आणखी एक, जे मला वायरीपेक्षाही खटकले. चार इंची ग्राइंडरला लाकूड कापायचे दातेरी पाते लावून गार्ड काढून ठेवला आहे. ते यंत्र मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते, आणि पाते लाकडात अडकले की झटक्याने हातातून उसळते. ते पाते आजच काढ, अर्थात टॉप सॉकेटमधून उपसून मगच.

रविवारी येताना मी अडीच चौरस मिलिमीटरची, तीन कोअरची (आत तीन तारा असलेली) वायर आणीन. १६ अँपिअरचा टॉप आणि सॉकेट तेवढे तिथेच घेऊन ठेव.

तुझे,
बाबा